भुईआवळी, कावीळ आणि मद्रासची चाचणी

शेताच्या बांधावर पावसाळ्यात तणासारखी उगवणारी आणि पानांच्या खालच्या बाजूला बारीक गोल फळांची ओळ धरणारी भुईआवळी कोकणापासून तमिळनाडूपर्यंत काविळीवरचे हुकमी औषध मानली जाते. तमिळ घरांत तिला ‘कीळानेल्ली’ म्हणतात. चरकसंहितेतील ‘तामलकी’ म्हणजे हीच वनस्पती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ती तेथे कासहर आणि श्वासहर, म्हणजे खोकला व दमा शमवणाऱ्या गणांत येते आणि च्यवनप्राशाच्या पाठातही आढळते. आज तिची ख्याती ज्या काविळीमुळे आहे, तिचा मागमूस या दोन गणांत नाही.

कावीळ हा मुळात एक रोग नव्हे, तर रक्तात पित्तरंजक साचून डोळे व त्वचा पिवळी पडण्याचे लक्षण आहे. दूषित पाण्यातून होणारी ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारची यकृतदाहाची कावीळ बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते, त्यामुळे त्या काळात दिलेल्या कोणत्याही पाल्याला यश लाभते. रक्तातून किंवा जन्माच्या वेळी आईकडून बाळाला लागणाऱ्या ‘ब’ विषाणूची गोष्ट वेगळी आहे. तो काहींच्या शरीरात वर्षानुवर्षे ठाण मांडतो आणि पुढे यकृत निबर होणे किंवा कर्करोग यांना कारण ठरतो, तर अशा वाहकांपैकी दरवर्षी फारच थोडे आपणहून विषाणूमुक्त होतात.

म्हणूनच मद्रास विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एस. पी. त्यागराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच अवघड रोग निवडला, याचे मोल मोठे आहे. 1982 मध्ये त्यांनी माका व भुईआवळी यांच्या अर्कांचा विषाणूच्या पृष्ठ-प्रतिजनावर, म्हणजे त्याच्या बाह्य आवरणातील प्रथिनावर, परीक्षानळीत परिणाम होत असल्याचे नोंदवले. हे प्रतिजन शोधल्याबद्दल 1976 चे नोबेल मिळवणारे बारूक ब्लुमबर्ग पुढे या कामाशी जोडले गेले. फिलाडेल्फियातील त्यांच्या गटाने 1987 मध्ये वुडचक या खारवर्गीय प्राण्याच्या तशाच विषाणूवर भुईआवळीचा अर्क वापरून पाहिला. ऑक्टोबर 1988 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मद्रासची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत वाहकांना रोज तीन वेळा 200 मिलिग्रॅम वाळवलेल्या वनस्पतीची पूड किंवा औषधासारखी दिसणारी निष्क्रिय पूड 30 दिवस देण्यात आली. उपचार संपल्यावर 15 ते 20 दिवसांनी औषध घेतलेल्या 37 पैकी 22 जणांच्या, म्हणजे 59 टक्क्यांच्या, रक्तातून प्रतिजन नाहीसे झाले होते, तर निष्क्रिय पूड घेतलेल्या 23 पैकी एकाच्याच रक्तात तसे घडले.

ही आकडेवारी जगाला चकित करणारी होती, आणि कदाचित म्हणूनच टिकली नाही. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच थायलंडच्या अभ्यासकांनी लक्षणविरहित वाहकांत भुईआवळी अपयशी ठरल्याचे कळवले. 1995 मध्ये चीनमधील तुलनेत वेगवेगळ्या ठिकाणच्या तीन तयारींचे परिणाम सारखे आले नाहीत. एका तयारीने ‘ब’ विषाणूच्याच ‘ई’ नावाच्या दुसऱ्या प्रतिजनावर काहीसा परिणाम दाखवला, पण पृष्ठ-प्रतिजन कोणाचेही गेले नाही. 2011 च्या कोक्रेन समीक्षेने 16 चाचण्या तपासल्या, तेव्हाही खात्रीलायक पुरावा हाती आला नाही. मद्रासच्या निष्कर्षाला लबाडी ठरवण्याचे कारण नाही, परंतु लहान गट आणि मध्येच गळालेले सहभागी यांमुळे असे आकडे फुगू शकतात, हे वैद्यकीय संख्याशास्त्रात परिचित आहे.

दुसरी गुंतागुंत खुद्द वनस्पतीच्या ओळखीची आहे. भारतात ‘फायलँथस निरुरी’ या नावाखाली ज्या भुईआवळ्या नोंदल्या जात, त्या प्रत्यक्षात अमारस, फ्रॅटर्नस आणि डेबिलिस अशा तीन वेगळ्या जाती असल्याचे 1985 मध्ये भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवले. फायलँथिनसारखी लिग्नन वर्गातील कडू द्रव्ये या साऱ्या जातींत सारख्या प्रमाणात नसतात; माती, ऋतू आणि उपटण्याची वेळ यांनीही त्यांत फरक पडतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दक्षिण भारतातील दुकानांतून गोळा केलेल्या कच्च्या भुईआवळीची डीएनएतील रेण्वीय चिन्हांवरून ओळख पटवली असता, बहुतेक माल अमारसचा निघाला, पण उरलेल्यात याच कुळातील इतर जाती मिसळलेल्या होत्या. विकत घेणाऱ्याला वाळलेल्या चुऱ्यातून त्या नजरेने ओळखणे जवळजवळ अशक्य असते.