टोपीच्या मागचा बिल्ला

बालमित्रांनो, वर्गाच्या मॉनिटरचा बिल्ला कुठे लावतात? छातीवर. पोलीसकाकांच्या टोपीवरचा बिल्ला कुठे असतो? अर्थातच पुढे! मागे लावला तर तो दिसणार कसा?

पण इंग्लंडमध्ये पायदळाची एक पलटण अशी होती, की तिच्या सैनिकांच्या टोपीवर दोन बिल्ले असत. एक नेहमीसारखा पुढे आणि एक छोटासा मागे! या पलटणीचं नाव ग्लॉस्टरशायर रेजिमेंट. लोक तिला ‘ग्लॉस्टर्स’ म्हणत. हा मागचा बिल्ला आला कुठून, त्याचीच ही गोष्ट.

पाठीला पाठ

ही पलटण १६९४ साली उभी राहिली. पुढे पलटणींना नंबर मिळाले, तेव्हा हिचा नंबर आला २८.

१८०१ साली इजिप्तमध्ये इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात युद्ध चालू होतं. २१ मार्चला अलेक्झांड्रिया शहराजवळ फ्रेंचांनी पहाटेच्या अंधारात हल्ला चढवला. २८ नंबरची पलटण एकामागे एक अशा दोन रांगा करून लढत होती. समोरून फ्रेंच पायदळ येत होतं. तेवढ्यात मागून टापांचा आवाज आला. फ्रेंच घोडेस्वार पाठीमागे पोचले होते!

आता काय करायचं? सगळे मागे वळले तर समोरचा शत्रू अंगावर येणार. कोणीच वळलं नाही तर घोडेस्वार तुडवून जाणार. आणि त्या काळची बंदूक एकदा झाडली, की पुन्हा दारू ठासून भरावी लागे.

हुकूम सुटला, “मागची रांग, मागे फिर!” मागची रांग गर्रकन वळली. पाठीला पाठ लावून दोन्ही रांगा एकाच वेळी दोन दिशांना लढल्या आणि जागा सोडली नाही.

विचार करा हं! पुढच्या रांगेतल्या सैनिकाला मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं. वळून बघायलाही सवड नव्हती. मागे उभा असलेला आपला सोबती पळणार नाही, एवढाच त्याचा भरवसा. मराठीत आपण ‘पाठराखण’ म्हणतो ना, ती हीच! या पराक्रमाची खूण म्हणून पलटणीला टोपीच्या मागेही बिल्ला लावायचा मान मिळाला. त्यावर पानांच्या माळेत इजिप्तचा स्फिंक्स असे. स्फिंक्स म्हणजे माणसाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेली मूर्ती.

आपला संबंध

त्याच वर्षी मुंबईच्या पलटणींतले आपले शिपाईसुद्धा जहाजांतून इजिप्तला गेले होते. तांबड्या समुद्राच्या काठी उतरून त्यांनी वाळवंट तुडवलं आणि नाईल नदी गाठली.

१८८१ मध्ये २८ आणि ६१ नंबरच्या पलटणी एकत्र करून ग्लॉस्टरशायर रेजिमेंट तयार झाली. यातली ६१ नंबरची पलटण १८४९ मध्ये चिलियनवाला इथे शिखांशी लढली होती आणि १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात होती. तिथे त्यांच्या बंदुका आपल्याच लोकांवर रोखलेल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. सैनिक शूर असतो, पण त्याला कुठे आणि कशासाठी लढवायचं हे ठरवणारे दुसरेच असतात.

डोंगरावरचे तीन दिवस

पुन्हा एकदा पाठ राखायची वेळ आली ती १९५१ मध्ये, कोरियात. उत्तर कोरियाच्या बाजूने चीन लढत होता आणि दक्षिण कोरियाच्या बाजूने संयुक्त राष्ट्रांच्या सेना. भारताने या युद्धात लढाऊ फौज पाठवली नाही. जखमींची सेवा करणारं लष्करी वैद्यकीय पथक मात्र पाठवलं.

२२ एप्रिलच्या रात्री चिनी सैन्याचे लोंढे इमजिन नदी ओलांडू लागले. त्यांना राजधानी सोल गाठायची होती. वाटेत ग्लॉस्टर्सची एक बटालियन होती, जेमतेम सातशे माणसांची. लढत लढत ती २३५ मीटर उंचीच्या एका डोंगरावर गेली आणि चारी बाजूंनी वेढली गेली. पाणी, अन्न, गोळ्या, वायरलेसच्या बॅटऱ्या, सगळंच संपत आलं.

इथे एक घोटाळा झाला, असं सांगतात. अमेरिकन सेनापतीने परिस्थिती विचारली. इंग्रज ब्रिगेडियर म्हणाले, “जरा अवघड चाललंय.” मोठं संकट लहान करून सांगायची ही इंग्रजी रीत! अमेरिकन सेनापतीला वाटलं, तसं ठीकच दिसतंय. म्हणून मुलांनो, मदत हवी असेल तेव्हा ती स्पष्ट शब्दांत मागावी. त्यात कसलाही कमीपणा नाही.

शेवटच्या पहाटे चिनी बिगुल वाजू लागले. तेव्हा ग्लॉस्टर्सचे ड्रम-मेजर बस यांनीही आपला बिगुल काढला. उठण्याचा, जेवणाचा, असे सगळे इशारे त्यांनी वाजवले. फक्त माघारीचा वाजवला नाही!

२५ एप्रिलला, जमेल तसं निसटा, असा हुकूम आला. पण चालता न येणाऱ्या जखमींचं काय? डॉक्टर कॅप्टन हिकी आणि धर्मगुरू सॅम डेव्हिस त्यांच्यापाशीच थांबले. आपण कैद होणार, हे ठाऊक असूनही! डोंगरावरून निसटलेल्यांपैकी सुमारे ४० जणच सुखरूप पोचले. पन्नासहून अधिक मारले गेले, पाचशेहून अधिक कैद झाले. काही कैदेतच वारले. उरलेले १९५३ मध्ये सुटले. पण त्या तीन दिवसांत चिनी फौजेचा बहुमोल वेळ गेला आणि सोल वाचलं.

बटालियनचे प्रमुख कर्नल कार्न हेही कैदेत होते. बरेच महिने त्यांना एकट्यालाच कोंडून ठेवलं होतं. तिथे त्यांनी दगडाचा एक छोटा क्रूस कोरला. तो आज ग्लॉस्टर शहरातल्या कॅथीड्रलमध्ये आहे.

१९९४ मध्ये ही रेजिमेंट दुसऱ्या रेजिमेंटमध्ये विलीन झाली आणि २००७ पासून ती ‘द रायफल्स’ या मोठ्या रेजिमेंटचा भाग आहे. जुनं नाव गेलं, पण टोपीमागचा छोटा बिल्ला मात्र या रेजिमेंटने जपला आहे.

आपल्याला काही असा बिल्ला मिळायचा नाही. पण वर्गात कोणी एकटा पडला, सगळे त्याला हसू लागले, तर त्याच्या पाठीशी कोण उभं राहील? तुम्ही राहाल?