मोरचुदातले पाचवे पाणी

खानदेशातील फळबागांत बोर्डो मिश्रणासाठी चुन्याबरोबर वापरले जाणारे मोरचूद आणि गढूळ पाणी निवळण्यासाठी घरोघरी फिरवली जाणारी तुरटी हे दोन्ही पदार्थ सल्फेटे आहेत. म्हणजे गंधकाच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर बसलेला गट ज्यांत असतो, असे क्षार. दोहोंच्या स्फटिकांत पाणीही ठरलेल्या प्रमाणात बांधलेले असते: मोरचुदात तांब्याच्या एका अणूमागे पाण्याचे पाच रेणू, तर पोटॅश तुरटीत ॲल्युमिनियमच्या एका अणूमागे बारा. हे रेणू नेमके कोठे बसले आहेत हा संरचनेचा प्रश्न आहे, आणि तो सोडवण्यासाठी आधी निर्दोष स्फटिक हाती यावा लागतो.

तो वाढवण्याची जुनी रीत संपृक्त द्रावणाची, म्हणजे त्या तापमानाला आणखी क्षार विरघळू शकणार नाही अशा द्रावणाची आहे. १०० ग्रॅम पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे ३२ ग्रॅम मोरचूद विरघळते आणि उकळबिंदूजवळ हेच प्रमाण १०० ग्रॅमच्या वर जाते; म्हणून कोमट संपृक्त द्रावण सावकाश निवू दिले, तर दोऱ्याला टांगलेल्या छोट्या बीज-स्फटिकावर जादा क्षार थराथराने बसत जातो. घाईने निववले, तर मात्र एकाच वेळी असंख्य केंद्रे निर्माण होऊन तळाशी नुसता निळा चुरा साचतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जाणाऱ्या जळगाव-धुळ्यात उघड्यावर ठेवलेले द्रावण या कामाला साथ देत नाही, कारण दुपारच्या उष्णतेत बीज विरघळू लागते आणि रात्रीच्या गारव्यात नको तेथे नवे कण धरतात; त्यामुळे तापमान स्थिर राखणारे जलपात्र येथे चैनीची वस्तू न राहता मूलभूत गरज ठरते.

पाण्यात जवळजवळ न विरघळणाऱ्या सल्फेटांना ही रीत लागूच पडत नाही. बेरियम क्लोराइडच्या द्रावणात सल्फेट मिसळताच पडणारा पांढरा साका शाळेच्या प्रयोगशाळेतही पाहायला मिळतो, पण त्यात डोळ्यांना दिसेल एवढा स्फटिक नसतो. अशा पदार्थांसाठी जेल-पद्धती वापरतात. सोडियम मेटासिलिकेटचे द्रावण सौम्य आम्लाने विशिष्ट आम्लतेला आणले, की ते काही दिवसांत परीक्षानळीत थिजते. जिप्सम हवे असेल, तर या जेलमध्ये आधीच सोडियम सल्फेट मिसळलेले असते आणि थिजल्यावर वरून कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण ओततात. जेलमध्ये द्रवाचे प्रवाह उठत नाहीत, त्यामुळे दोन्ही आयन केवळ विसरणाने, अत्यंत मंद गतीने एकमेकांकडे सरकतात, आणि काही आठवड्यांत पारदर्शक सुया किंवा पातळ पत्रे तयार होतात. त्या पत्र्यांचे पापुद्रे पात्याने अलगद सुटतात, कारण कॅल्शियम व सल्फेट यांच्या थरांमध्ये पाण्याचे रेणू असतात आणि तेथील बंध सर्वांत दुबळे असतात. संरचनेचा एवढा भाग क्ष-किरणांशिवाय हातालाही कळतो.

महागड्या भट्ट्यांऐवजी परीक्षानळ्या, साधी रसायने आणि भरपूर संयम मागणारी ही पद्धती महाविद्यालयीन प्रयोगशाळांना विशेष जवळची ठरली, याचे खानदेशातील ठळक उदाहरण अमळनेरचे आहे. तेथील प्रताप महाविद्यालयाच्या पदव्युत्तर भौतिकशास्त्र विभागातून, अगर-जेलमध्ये वाढवलेल्या बेरियम ऑक्झॅलेटच्या एकस्फटिकांवरील शोधनिबंध २००६ साली ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो क्षार ऑक्झॅलेट असला, तरी बेरियमसारख्या धातूचा अल्पविद्राव्य क्षार जेलमध्ये सावकाश घडवण्याचे तंत्र सल्फेटांसाठीही तेच आहे, आणि तालुक्याच्या गावी असे काम उभे राहणे ही गोष्ट तिच्या वाट्याला आलेल्या प्रसिद्धीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

संरचना ठरवण्याचा इतिहास तर मोरचुदापासूनच सुरू होतो. माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेनुसार म्युनिकमध्ये फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी १९१२ साली क्ष-किरणांचा झोत ज्या स्फटिकातून सोडला, तो मोरचुदाचा होता. छायाचित्रपट्टिकेवर उमटलेल्या डागांनी क्ष-किरण तरंगरूप आहेत आणि स्फटिकातील अणू नियमित जाळीत मांडलेले आहेत या दोन्ही गोष्टी सिद्ध केल्या. परंतु मोरचूद त्रिनताक्ष, म्हणजे तिन्ही अक्ष असमान आणि एकमेकांशी तिरपे असलेला स्फटिक असल्याने त्या डागांवरून अणूंच्या जागा वाचणे तेव्हा शक्य नव्हते. ते काम बीव्हर्स आणि लिप्सन या इंग्रज संशोधकांनी १९३४ साली पुरे केले. तांब्याचे अणू स्फटिकाच्या सममितीकेंद्रांवर बसलेले असल्याने त्यांच्या जागा आधीच निश्चित होत्या. जड अणूंच्या आधारे उरलेल्यांच्या जागा त्यांनी लांबलचक त्रिकोणमितीय बेरजांतून हाताने काढल्या, आणि या कष्टांतूनच पुढे त्यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या, आकडे छापलेल्या गणनपट्ट्या जन्मल्या. आज हेच गणित संगणक थोड्या वेळात करतो, पण त्यालाही तडा नसलेला, एकसंध स्फटिकच लागतो.

त्यांना दिसलेली रचना अशी: तांब्याच्या प्रत्येक अणूभोवती पाण्याचे चार रेणू जवळपास एका चौकोनात असतात, वर आणि खाली थोड्या अधिक अंतरावर दोन सल्फेटांचे एकेक ऑक्सिजन असतात, आणि पाचवा रेणू तांब्याला स्पर्शही न करता केवळ हायड्रोजन-बंधांनी शेजाऱ्यांमध्ये अडकलेला असतो. मोरचूद तापवताना पाणी एकदम जात नाही. पाचांपैकी चार रेणू दोन-दोन करून आधी सुटतात, तर शेवटचा रेणू २०० अंशांच्या आसपास निघतो, आणि तेव्हा मागे उरते ती पांढरी पूड, जिच्यावर पाण्याचा थेंब पडताच निळा रंग परत येतो.