कृष्णधवल छायाचित्रांतील आधुनिक वास्तू

लेणी, किल्ले आणि जुने वाडे यांची छायाचित्रे आपण आवर्जून घेतो. परंतु आपल्याच हयातीत बांधलेली काँक्रीटची इमारतही टिपून ठेवण्याजोगी असते, हे सहसा ध्यानी येत नाही. या संदर्भात दिल्लीतील एका वास्तूचे उदाहरण आम्हांस विशेष बोलके वाटते.

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९७२ साली, प्रगती मैदानावर ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे प्रदर्शनगृह उभे राहिले. वास्तुविशारद राज रेवाल आणि संरचना अभियंते महेंद्र राज यांची ही निर्मिती. मध्ये एकही खांब न घेता विस्तीर्ण छत पेलण्यासाठी त्यांनी त्रिकोणांच्या जोडणीतून घडविलेला सांगाडा योजला. असे सांगाडे सामान्यतः पोलादाचे असतात. आपल्याकडे त्या काळी पोलाद महाग होते आणि मनुष्यबळ मुबलक. म्हणून हा सांगाडा काँक्रीटचा केला गेला आणि मजुरांच्या हातांनी जागेवरच ओतला गेला.

ही वास्तू आणि तिच्या समकालीन अनेक वास्तू मदन महत्ता यांनी कृष्णधवल छायाचित्रांत टिपल्या. इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथे छायाचित्रणाचे शिक्षण घेऊन ते १९५०च्या दशकात परतले आणि नवी दिल्ली घडत असताना तिचे साक्षीदार झाले.

काँक्रीटच्या वास्तूला कृष्णधवल माध्यम का मानवते? काँक्रीटचा रंग मुळात करडाच. त्याचे सौंदर्य रंगात नसून आकारात, पृष्ठभागावर उमटलेल्या सेंट्रिंगच्या फळ्यांच्या खुणांत आणि पडणाऱ्या सावलीत असते. रंगीत चित्रात निळे आकाश, हिरवी झाडे आणि जाहिरातीचे फलक नजर खेचून घेतात. रंग वगळले की उजेड व अंधार एवढेच उरतात आणि वास्तूचा भार कोठून कोठे जातो, हे डोळ्यांना वाचता येते.

यामागे शिस्तही असते. माध्यान्हीच्या उन्हात सपाट भिंत निर्जीव दिसते. सकाळचे वा सायंकाळचे तिरपे ऊन तिच्यावरील प्रत्येक उंचवटा उठावदार करते. भिंगापुढे लाल काच लावली असता निळे आकाश गडद होते आणि त्यावर फिकट काँक्रीट उजळून दिसते. कॅमेरा वर कलविला की उभ्या रेषा वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकतात. म्हणून वास्तुछायाचित्रकार तो तिपाईवर समतल ठेवतात आणि भिंग तेवढे वर सरकविण्याची सोय असलेला कॅमेरा वापरतात. चौकटीत एखादी व्यक्ती असली, तर वास्तूच्या भव्यतेचे माप मिळते.

मात्र हे माध्यम वास्तूची भलावणही करू शकते. गळतीचे डाग त्यात सावलीसारखे भासतात; आतला उकाडा तर कोणत्याच छायाचित्रात दिसत नाही. म्हणूनच बांधकाम चालू असतानाची आणि माणसांचा वावर दाखविणारी छायाचित्रे आम्हांस अधिक मोलाची वाटतात. ज्या श्रमांनी वास्तू उभी राहिली, त्यांची नोंद बहुधा तेवढीच असते.

२०१२ साली महत्ता यांची ही छायाचित्रे दिल्लीत प्रदर्शित झाली. २०१४ मध्ये ते निवर्तले. एप्रिल २०१७ मध्ये ‘हॉल ऑफ नेशन्स’ नव्या संकुलासाठी जमीनदोस्त करण्यात आले. ते वाचविण्यासाठी देशविदेशांतील वास्तुविशारदांनी आवाज उठविला होता. परंतु वारसा ठरण्यासाठी साठ वर्षांचे वय अपेक्षित होते आणि ही वास्तू पंचेचाळीस वर्षांचीच होती. जतनाचा नियम लागू होण्याआधीच ती गेली. आज तिची ओळख नव्या पिढीला करून देण्याचे काम ही छायाचित्रे करीत आहेत.

आपल्या गावोगावच्या शाळा, वसतिगृहे, ग्रंथालये आणि सभागृहे यांचेही वय बहुधा असेच अधलेमधले आहे: नवी म्हणून कौतुक नाही, जुनी म्हणून आदर नाही. लोकवर्गणीतून व श्रमदानातून उभ्या राहिलेल्या अशा इमारतींची चित्रे घरोघरच्या अल्बमांत विखुरलेली असतात आणि त्यांत इमारत केवळ पार्श्वभूमीपुरती दिसते. आज साध्या मोबाइलवरही कृष्णधवल चित्र घेता येते. सकाळच्या उन्हात, समोरून आणि कोपऱ्यातून, जिना, व्हरांडा आणि खिडक्यांसह या वास्तू टिपाव्यात. चित्रामागे दिनांक, स्थळ आणि बांधणाऱ्यांची नावे लिहावीत. डागडुजी वा पुनर्बांधणी ठरण्यापूर्वीच हे काम व्हावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.