रचनेतून घडवलेला प्रकाश : फेदेरिको कापास्सो यांचे संशोधन

फेदेरिको कापास्सो या इटालियन-अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाच्या जवळजवळ पाच दशकांच्या संशोधनाला एकच सूत्र आहे. पदार्थाचे गुणधर्म निसर्गाने दिले तसे स्वीकारून थांबायचे नाही, ते रचनेतून घडवायचे. लेझरचा रंग थरांच्या जाडीने ठरवता येतो, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये सिद्ध केले. भिंगाचे काम काचेच्या फुगवट्याऐवजी सपाट पृष्ठावरच्या अतिसूक्ष्म खांबांकडून करून घेता येते, हे त्यांच्या गटाने २०११ नंतरच्या काही वर्षांत दाखवले. पहिल्या कामातून क्वांटम कॅस्केड लेझर जन्माला आला. दुसऱ्या कामातून सपाट प्रकाशिकीची शाखा उभी राहिली आणि मेटालेन्स हे तिचे सर्वांत परिचित फळ ठरले.

बेल लॅब्ज आणि अणुथरांचे तंत्र

कापास्सो यांचा जन्म १९४९ मध्ये रोममध्ये झाला. रोम विद्यापीठातून १९७३ मध्ये भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवल्यावर काही काळ इटलीत संशोधन करून ते १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये आले. तिथे ते पाव शतकाहून अधिक काळ राहिले आणि अखेरीस तिथल्या भौतिकी संशोधनाचे उपाध्यक्ष झाले. ट्रान्झिस्टर जिथे शोधला गेला त्या या संस्थेत मूलभूत प्रश्न आणि उपयोगाचे उपकरण यांचा विचार एकत्रच होत असे. कापास्सो यांच्या पुढच्या सगळ्या कामावर या वातावरणाची छाप आहे.

बेल लॅब्जमध्ये आल्फ्रेड चो यांनी मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सी हे तंत्र विकसित केले होते. यात अतिनिर्वात कोठीत गॅलियम, इंडियम, ॲल्युमिनियम, आर्सेनिक यांसारखी मूलद्रव्ये वेगवेगळ्या मुशींत तापवतात. त्यांचे झोत तापवलेल्या स्फटिकाच्या चकतीवर पडतात. प्रत्येक मुशीसमोरची झडप उघडली की त्या मूलद्रव्याचे अणू थरात सामील होतात, मिटली की थांबतात. वाढ इतकी संथ असते की थराची जाडी अणूंच्या एकेका पदरापर्यंत ताब्यात राहते. दोन भिन्न अर्धवाहकांचे काही नॅनोमीटर जाडीचे थर आलटून-पालटून चढवले, की इलेक्ट्रॉनला कोणत्या ऊर्जा घेता येतील हे माणसाला ठरवता येते. कापास्सो यांनी १९८०च्या दशकात याच मार्गाने कमी गोंगाटाचे प्रकाशशोधक आणि नव्या प्रकारचे ट्रान्झिस्टर घडवले. या दृष्टीला ‘ऊर्जापट्ट्यांची अभियांत्रिकी’ म्हटले जाऊ लागले, आणि तिचे सर्वांत मोठे यश म्हणजे क्वांटम कॅस्केड लेझर.

जाडीने ठरणारा रंग

नेहमीच्या डायोड लेझरमध्ये इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यातून खालच्या पट्ट्यातील रिकाम्या जागेत पडतो आणि त्या ऊर्जाफरकाइतका फोटॉन बाहेर टाकतो. दोन पट्ट्यांमधले अंतर हा त्या पदार्थाचा स्वभाव असल्याने रंग बदलायचा तर मुळात पदार्थच बदलावा लागतो. मध्यम अवरक्त पट्ट्यासाठी लागणारे कमी अंतराचे अर्धवाहक नाजूक आणि हाताळायला अवघड असतात. नेमक्या याच पट्ट्यात कार्बन डायऑक्साइड, मिथेन, अमोनिया, नायट्रिक ऑक्साइड अशा असंख्य रेणूंच्या ठळक शोषणरेषा येतात. त्यामुळे तिथे चांगल्या लेझरची मोठी निकड होती.

लेनिनग्राडच्या योफे संस्थेतील रुडॉल्फ काझारिनोव्ह आणि रॉबर्ट सुरिस यांनी १९७१ मध्ये वेगळी वाट सुचवली होती. इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यातच ठेवायचे, अतिपातळ थरांत कोंडून त्याला पृथक ऊर्जापातळ्या द्यायच्या आणि त्या पातळ्यांमधल्या उडीतून प्रकाश मिळवायचा. थर जाड केला की पातळ्या जवळ येतात आणि तरंगलांबी वाढते, पातळ केला की ती घटते. कल्पना सुबक होती, पण प्रत्यक्षात मोठी अडचण होती. वरच्या पातळीवरचे इलेक्ट्रॉन प्रकाश न देताच, केवळ स्फटिकाला कंप देऊन, काही पिकोसेकंदांत खाली घसरतात. लेझरला तर वरची पातळी खालच्या पातळीपेक्षा अधिक भरलेली लागते.

कापास्सो यांच्या गटाने याच घसरणीचा उपयोग करून घेतला. खालच्या पातळीखाली आणखी एक पातळी अशी बसवली, की दोहोंतले अंतर स्फटिकाच्या कंपनाच्या ऊर्जेशी जुळावे. त्यामुळे खालची पातळी पिकोसेकंदाहूनही कमी वेळात रिकामी होऊ लागली, आणि वरची तुलनेने भरलेली राहिली. अशी एक रचना झाली की तिच्यामागे पुढची, असे २५ टप्पे ओळीने बसवले. विद्युतदाबाखाली इलेक्ट्रॉन पायऱ्या उतरल्यासारखा टप्प्याटप्प्याने खाली येतो आणि प्रत्येक टप्प्यावर फोटॉन देऊ शकतो. जेरोम फाइस्ट, कार्लो सिर्तोरी, डेबोरा सिव्हको, आल्बर्ट हचिन्सन आणि आल्फ्रेड चो यांच्यासह कापास्सो यांनी १९९४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हा लेझर जाहीर केला. त्याची तरंगलांबी ४.२ मायक्रोमीटर होती आणि स्पंदांमधली शक्ती ८ मिलिवॉटहून थोडी अधिक. तो फक्त अतिशीत तापमानाला चालत असे.

पुढच्या प्रगतीत अनेक देशांतील गटांचा वाटा आहे. फाइस्ट यांच्या स्वित्झर्लंडमधील गटाने २००२ मध्ये सामान्य तापमानाला अखंड चालणारा लेझर साधला. त्याच वर्षी युरोपातील संशोधकांनी हीच कल्पना टेराहर्ट्झ पट्ट्यात नेली. आज वातावरणातील वायूंचे मापन, कारखान्यांतील प्रक्रियांवर देखरेख आणि श्वासातील घटकांचे विश्लेषण यांसाठी हे लेझर वापरले जातात.

पोकळीचे बल, उपकरणाच्या कामी

बेल लॅब्जमधील अखेरच्या वर्षांत कापास्सो एका अगदी वेगळ्या प्रश्नाकडे वळले. दोन विद्युतभाररहित धातूच्या पट्ट्या अत्यंत जवळ आणल्या की निर्वातातील क्वांटम चढउतारांमुळे त्या एकमेकींकडे ओढल्या जातात, असे भाकीत हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये केले होते. उपकरणे लहान होत गेली की हे बल दुर्लक्षून चालत नाही. कापास्सो आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सिलिकॉनची सूक्ष्म झुलती पट्टी बनवली. सोन्याचा मुलामा दिलेला गोल तिच्याजवळ आणताच ती केवळ या बलाने कलली. हार्वर्डमध्ये २००९ मध्ये जेरेमी मंडे आणि एड्रियन पारसेगियन यांच्यासह त्यांनी याची दुसरी बाजू मोजली. ब्रोमोबेंझीन या द्रवात बुडवलेला सोन्याचा गोल आणि सिलिकाची पट्टी यांच्यात आकर्षणाऐवजी प्रतिकर्षण होते. पदार्थांची निवड बदलली की बलाची दिशाही बदलते.

लेझरच्या तोंडावरून सपाट भिंगाकडे

कापास्सो २००३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात उपयोजित भौतिकीचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. तिथे एक जुनी अडचण नव्या विषयाचे दार ठरली. अर्धवाहक लेझरचे तोंड तरंगलांबीच्या तुलनेत इतके अरुंद असते की बाहेर पडताच प्रकाश फाकतो. त्याला सरळ करायला पुढे भिंग लावावे लागते, ते लेझरपेक्षा कितीतरी मोठे असते आणि नेमके बसवणेही कष्टाचे असते. नानफांग यू आणि कापास्सो यांच्या गटाने २००८ मध्ये लेझरच्या तोंडावरच धातूचा थर देऊन त्यात सूक्ष्म खाचा कोरल्या. पृष्ठावरून पसरणाऱ्या लहरी त्या खाचांतून ठरलेल्या मेळाने बाहेर पडल्या आणि शलाकेचा फाकणारा कोन काही अंशांवर आला. वेगळ्या भिंगाशिवाय, केवळ कोरलेल्या पृष्ठाने प्रकाशाला वळण लावता आले.

यातून पुढचा प्रश्न अधिक मूलभूत झाला. साध्या भिंगात काच मध्यभागी जाड आणि कडेला पातळ असते. जाड भागातून जाणारी लहर अधिक रेंगाळते, त्यामुळे तिची कला, म्हणजे कंपनचक्रातील तिची स्थिती, मागे पडते आणि लहरी एका बिंदूत गोळा होतात. ही मागे-पुढे होण्याची क्रिया जाडीत साचवण्याऐवजी पृष्ठावरच एका झटक्यात घडवली तर? २०११ मध्ये ‘सायन्स’मधील लेखात या गटाने सिलिकॉनवर इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे सोन्याचे अँटेना रांगेत मांडले. हातांची लांबी आणि त्यांमधला कोन बदलून आठ प्रकार केले, आणि त्या आठांनी मिळून कलेचे एक पूर्ण चक्र व्यापले. ८ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश या पृष्ठावर पडला, तेव्हा तो अपवर्तनाच्या शालेय नियमाने सांगितलेल्या दिशेने न जाता त्या रांगेने ठरवलेल्या दिशेने वळला. कलेच्या चढ-उताराचे पद मिसळलेला अपवर्तनाचा व्यापक नियम या लेखात मांडला होता.

पुढच्याच वर्षी ६० नॅनोमीटर जाडीच्या सोन्याच्या रचनेतून अवरक्त प्रकाशासाठी सपाट भिंग तयार झाले. पण सोने दृश्य प्रकाश शोषते आणि अशा अँटेनांतून प्रकाशाचा थोडाच हिस्सा हव्या दिशेला जातो. म्हणून धातू सोडून पारदर्शक पदार्थाकडे वळणे भाग होते. फ्रान्समध्ये फिलिप लालान यांच्या गटाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस टायटॅनियम डायऑक्साइडच्या सूक्ष्म रचनांनी दृश्य प्रकाश वळवून दाखवला होता. रंगात आणि सनस्क्रीनमध्ये असणारा हाच पदार्थ हार्वर्डच्या गटाने निवडला.

खांब कोरून काढायला गेले की त्यांच्या भिंती खडबडीत होतात आणि प्रकाश विखुरतो. रॉबर्ट डेव्हलिन आणि सहकाऱ्यांनी त्यावर उलटी युक्ती केली. काचेवर खांबाच्या उंचीइतका बहुवारिकाचा (पॉलिमरचा) थर दिला. इलेक्ट्रॉनांच्या शलाकेने त्यात खांबांच्या आकाराची भोके पाडली. मग सुमारे ९० अंश सेल्सिअसला, बहुवारिक वितळू न देता, अणुथरांनी टायटॅनियम डायऑक्साइड भरत नेले. वरचा जादा थर खरवडून बहुवारिक काढून टाकले की जवळजवळ सरळ आणि गुळगुळीत भिंतींचे खांब उभे राहतात. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या भिंगात त्यांची उंची ६०० नॅनोमीटर होती, म्हणजे लाल प्रकाशाच्या तरंगलांबीहून थोडी कमी. प्रत्येक खांब चपटा आणि ठरावीक कोनात फिरवलेला होता, आणि त्या कोनावरच लहरीची कला ठरत होती. ४०५, ५३२ आणि ६६० नॅनोमीटर या तीन तरंगलांबींसाठी वेगळी भिंगे बनवली. त्यांची कार्यक्षमता अनुक्रमे ८६, ७३ आणि ६६ टक्के होती, आणि सूक्ष्मदर्शकाच्या उत्तम दर्जाच्या भिंगांशी तुलना करता येईल इतकी स्पष्ट प्रतिमा त्यांनी दिली.

रंगदोष, ध्रुवण आणि आकार

सपाट भिंगाची मोठी उणीव म्हणजे रंगदोष. एका रंगासाठी आखलेली मांडणी दुसऱ्या रंगाला वेगळ्या अंतरावर एकवटते. २०१८ मध्ये वेई तिंग चेन आणि सहकाऱ्यांनी खांबांच्या जोड्या अशा आखल्या, की कलेबरोबर वेगवेगळ्या रंगांना लागणारा विलंबही ताब्यात राहील. त्यामुळे ४७० ते ६७० नॅनोमीटरच्या पट्ट्यातील प्रकाश एकाच ठिकाणी गोळा झाला. यालाही मर्यादा आहे. खांबांची उंची ठरलेली असताना भिंगाचा व्यास, प्रकाश एकवटण्याची तीव्रता आणि रंगपट्ट्याची रुंदी हे तिन्ही एकाच वेळी वाढवता येत नाहीत. म्हणून अशी रंगदोषमुक्त भिंगे अगदी लहान राहिली.

अशा सूक्ष्म रचनांच्या सपाट पृष्ठाने, म्हणजे मेटासरफेसने, काचेच्या भिंगाला न जमणारे कामही केले. २०१९ मध्ये नोआ रुबिन आणि सहकाऱ्यांनी एकाच पृष्ठाने प्रकाश ध्रुवणानुसार, म्हणजे लहरीच्या कंपनाच्या दिशेनुसार, चार दिशांना वाटणारा छोटा कॅमेरा दाखवला. चार प्रतिमा एकाच वेळी मिळाल्याने दृश्यातील प्रत्येक बिंदूचे ध्रुवण एका क्षणचित्रातून काढता येते. फिरणारा एकही भाग लागत नाही.

उत्पादनाचा प्रश्न चिप कारखान्यांच्या तंत्राने सोडवला. इलेक्ट्रॉनांच्या शलाकेने खांब एकेक लिहिण्याऐवजी अतिनील प्रकाशाच्या छपाईने हजारो-लाखो खांब एकदम उमटवता येतात. या मार्गाने २०२४ मध्ये हार्वर्डच्या गटाने संपूर्ण काचेचे १० सेंटिमीटर व्यासाचे भिंग बनवले. त्यावर सुमारे १,८७० कोटी नॅनोखांब आहेत आणि त्यातून सूर्य, चंद्र व एका तेजोमेघाची छायाचित्रे घेण्यात आली. त्याआधी, २०१६ मध्ये कापास्सो आणि डेव्हलिन यांनी मेटालेन्झ ही कंपनी स्थापन केली होती. तिची सपाट प्रकाशरचना २०२२ पासून एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या अंतर मोजणाऱ्या संवेदकांत येऊ लागली. एकाच तरंगलांबीवर चालणारे अवरक्त संवेदक हे आज मेटालेन्सचे सर्वांत योग्य क्षेत्र आहे, कारण तिथे रंगदोषाचा प्रश्नच उद्भवत नाही. रंगीत छायाचित्रणाच्या पूर्ण कॅमेऱ्यात काचेची आणि प्लॅस्टिकची भिंगे अजून टिकून आहेत.

कापास्सो यांना २००५ मध्ये किंग फैजल पुरस्कार आणि २०१६ मध्ये बाल्झान पुरस्कार मिळाला. त्यांच्या कार्याचे मोल मात्र पुरस्कारांपेक्षा मोठे आहे. क्वांटम कॅस्केड लेझरमध्ये थराची जाडी आणि मेटालेन्समध्ये खांबाचा आकार व कोन, या दोन्ही ठिकाणी प्रकाशाचे वर्तन केवळ पदार्थाच्या स्वभावावर न राहता आखणीच्या हाती आले. त्यामुळे प्रकाशीय उपकरणे चिपप्रमाणे आरेखित करता येतात आणि चिपच्याच कारखान्यात छापता येतात. सूक्ष्म प्रकाशिकीच्या पुढच्या संशोधकांना हे हाती मिळालेले मोठे भांडवल आहे.