घर गेलं, गाणं राहिलं

कर्जाचे हप्ते थकले की घरातल्या बाईच्या डोळ्याला डोळा लागत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आज आम्ही अशाच कर्जात बुडालेल्या एका बाईंची हकिकत सांगणार आहोत. त्या फ्रान्समधल्या नामांकित गायिका आणि नर्तकी होत्या. नाव जोसेफिन बेकर.

त्या कॅबरेत गात. कॅबरे म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. लोक टेबलाशी बसून खातपीत असतात आणि समोरच्या मंचावर गाणं, नाच, नकला चालतात. त्या जागेलाही कॅबरे म्हणतात आणि तिथल्या खेळालाही. पॅरिस शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे. हिंदी सिनेमामुळे आपल्याकडे हा शब्द काढला की लोक नाक मुरडतात. तमाशातल्या बायकांच्या बाबतीतही असंच होतं ना? कलेला शिट्ट्या आणि टाळ्या, पण ती करणाऱ्या बाईला नावं ठेवायची.

जोसेफिनबाईंचा जन्म १९०६ सालचा, अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातला. घर गरीब, कृष्णवर्णीय. आई लोकांचे कपडे धुवायची. जोसेफिन आठ वर्षांची असल्यापासूनच परक्यांच्या घरी कामाला जाऊ लागली. १९२५ साली, एकोणिसाव्या वर्षी ती नाचगाण्याच्या एका कंपनीबरोबर पॅरिसला गेली आणि बघता बघता तिथली लाडकी कलावंत झाली. पुढे दुसऱ्या महायुद्धात बाईंनी हिटलरच्या विरोधात फ्रान्ससाठी हेरगिरी केली. गाण्याच्या स्वरलिपीच्या कागदांवर अदृश्य शाईनं मजकूर लिहून त्या तो देशाबाहेर पोचवत. युद्धानंतर फ्रान्सनं त्यांचा पदकं देऊन गौरव केला.

मग एवढ्या मोठ्या बाई कर्जात कशा बुडाल्या? १९४७ साली त्यांनी ले मिलांद नावाचा गढीसारखा मोठा वाडा विकत घेतला. वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या वंशांची १२ मुलं त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं दत्तक घेतली. वेगळ्या रंगाची, वेगळ्या धर्माची माणसं भावंडांसारखी राहू शकतात, हे त्यांना जगाला दाखवायचं होतं. पर्यटक यावेत म्हणून वाड्याच्या आवारात हॉटेल काढलं, करमणुकीच्या सोयी केल्या. पण येणारा पैसा कमी आणि जाणारा जास्त. खर्चाला आवर घालणं बाईंना जमलं नाही. नवराही वेगळा झाला. १९५६ साली त्यांनी रंगमंचाचा निरोप घेतला होता, पण पैशाच्या ओढाताणीमुळे १९५९ साली त्यांना पुन्हा उभं राहावं लागलं. गाऊन मिळवायचं आणि देणेकऱ्यांना द्यायचं, असं चाललं होतं. शेवटी १९६८ साली वाडा विकला गेला आणि १९६९ साली त्यांना तिथून बाहेर काढलं. स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर, अंगाभोवती गोधडी घेऊन बसलेल्या जोसेफिनबाईंचा फोटो तेव्हा जगभर गेला. वय होतं ६२.

आता पुन्हा उभं राहायचं कसं? इथं दोन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली म्हणजे गळ्यातली कला. वाड्याचा सौदा झाला, पण गाण्याचा लिलाव कोणाला करता येत नाही. त्याच वर्षी त्या पॅरिसमधल्या एका लहान कॅबरेत गात होत्या. एके काळी भल्यामोठ्या थिएटरांत गायलेल्या बाईंनी लहान मंचाची लाज धरली नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मैत्रीण. मोनॅकोच्या प्रिन्सेस ग्रेस केली, ज्या स्वतः आधी सिनेमातल्या नटी होत्या, त्यांनी बाईंच्या आणि मुलांच्या डोक्यावर छप्पर येईल अशी व्यवस्था केली. डोक्यावर छप्पर आलं की माणसाला कामाचा विचार सुचतो.

पुढची वर्षं मिळेल तिथं कार्यक्रम चालू राहिले. १९७३ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ज्या अमेरिकेत काळ्या रंगामुळे त्यांना हॉटेलात खोली नाकारली जायची, तिथंच हे घडलं. मग ८ एप्रिल १९७५ रोजी पॅरिसच्या बोबिनो थिएटरात, कारकिर्दीच्या ५० वर्षांनिमित्त, त्यांचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. बाई ६८ वर्षांच्या होत्या. पॅरिसनं त्यांना पुन्हा डोक्यावर घेतलं. त्यानंतर दोनच दिवसांनी मेंदूत रक्तस्राव होऊन त्या बेशुद्ध पडल्या आणि १२ एप्रिलला गेल्या. अंथरुणावर भोवती वर्तमानपत्रं पसरलेली होती. त्यांत त्यांच्याच कार्यक्रमाचं कौतुक छापून आलं होतं.

मैत्रिणींनो, बाईंचं मन मोठं होतं, म्हणून त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही. त्या मुलांना त्यांनी आईची माया दिली. चूक हिशेबाची होती. कमावणाऱ्या बाईनं खर्चाची वहीसुद्धा स्वतः बघायला हवी. आणि गटातल्या एखादीचं घर किंवा धंदा बुडाला, तर तिला नुसता धीर देऊन भागत नाही. राहायला जागा आणि हाताला काम मिळालं, तर ती पुन्हा उभी राहते. तुमच्या गटात अशी कोणी आहे का? पुढच्या बैठकीत तिचं नाव काढा, आणि तिच्या हातात कोणती कला आहे, ते तिलाच विचारा.