घरातला राउटर कोणाचा?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी सुचवलं होतं की, सर, तत्त्वज्ञान जरा घरात आणा. म्हणून आज दिवाणखान्यातल्या भिंतीवर टांगलेल्या, हिरवे दिवे लुकलुकणाऱ्या डब्याबद्दल बोलायचं आहे. राउटरबद्दल.

गेल्या वर्षी माझ्याकडचं इंटरनेट सारखं अडखळत होतं. कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "थांबा काका, इथूनच बघतो." दोन मिनिटांत सांगितलं, "तुमच्या वायफायला अकरा उपकरणं जोडलेली आहेत, चॅनल बदलून दिलाय, आता बघा." नेट सुरळीत झालं. मी आभार मानून फोन ठेवला, आणि मग वाटलं, अकरा? मोजायला बसलो. फोन, लॅपटॉप, टीव्ही, सुनेचं घड्याळ... खरंच अकरा निघाली. माझ्या घराची मोजदाद माझ्याकडे नव्हती, त्या मुलाकडे होती! मग राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून पाहिलं, तर निम्मी पानं बंद. पुन्हा फोन केला. उत्तर आलं, "ते वरून होतं काका. तो पासवर्ड ग्राहकाला देत नाहीत."

हे 'वरून' म्हणजे कुठून?

खेड्यातल्या माणसाला हा प्रश्न लगेच कळेल. सातबारावर नाव एकाचं आणि जमीन कसतो दुसराच, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. मालकी आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे तर गंमत अशी की, डबा माझ्या घरात, वीज माझी, कधीकधी पैसेही माझेच, आणि ताबा मात्र दुसऱ्याचा.

हा ताबा कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. २००४ साली ब्रॉडबँड क्षेत्रातल्या कंपन्यांच्या एका मंचाने टीआर-०६९ नावाची पद्धत ठरवली. तिच्यानुसार तुमचा राउटर ठरावीक वेळाने कंपनीच्या सर्व्हरला स्वतःहून हाक मारतो, आपली हालहवाल कळवतो आणि हुकूम घेतो. सर्व्हरलाही गरज पडली तर बाहेरून दार वाजवता येतं. त्या वाटेने पासवर्ड बदलता येतो, नवीन सॉफ्टवेअर चढवता येतं, कोणती उपकरणं जोडली आहेत ते वाचता येतं. यात काळंबेरं काही नाही. लाखो ग्राहकांकडे माणूस पाठवणं कंपनीला परवडत नाही, म्हणून ही सोय केली.

आता या डब्याला दिसतं काय? बहुतेक वेबसाइट आज कुलूपबंद असतात. पानावर काय लिहिलंय ते राउटरला वाचता येत नाही, पण कोणत्या साइटवर गेलात ते नाव बहुधा कळतं. ते नाव तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कंपनीलाही कळू शकतं. पण एक फरक आहे, आणि तो नीट लक्षात घ्या. बाहेरून सगळं घर एका पत्त्याने दिसतं. आतून, राउटरला, प्रत्येक उपकरण वेगळं दिसतं. म्हणजे बाहेर फक्त घर दिसतं, आत माणूस दिसतो.

माझ्या पत्नीच्या आजाराची पहिली शंका आली ते दिवस आठवतात. तपासणीचा अहवाल यायचा होता. ती रात्री दोन वाजता मला न सांगता त्या आजाराबद्दल वाचायची. मीही तिला न सांगता वाचायचो. दोघंही सकाळी हसतमुखाने चहा घ्यायचो. ही एकमेकांना सांभाळण्याची लपवाछपवी होती आणि तिची आम्हाला गरज होती. भिंतीवरच्या डब्याला मात्र कोणता फोन कधी जागा आहे ते दिसत होतं. त्याने कोणाला सांगितलं असं मी म्हणत नाही. बहुधा नाहीच सांगितलं.

इथे हमखास विचारलं जातं, "कंपनी बघत नसेल तर अडचण काय?" फिलिप पेटिट या विचारवंताने १९९७च्या आपल्या 'रिपब्लिकनिझम' या ग्रंथात स्वातंत्र्याचा जो अर्थ मांडला, तो इथे कामी येतो. मालक दयाळू आहे, गुलामाला कधी अडवत नाही; तरी गुलाम स्वतंत्र नाही, कारण उद्या मालकाची मर्जी फिरली तर त्याच्या हातात काही नाही. हस्तक्षेप होतोय का, हा दुय्यम प्रश्न. मनात येईल तेव्हा करता येतो का, हा खरा प्रश्न. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. हक्क आहे म्हणजे तो कोणाच्या सौजन्यावर अवलंबून नसावा, एवढाच माझा मुद्दा.

शिवाय मर्जी फक्त कंपनीचीच फिरते असं नाही. नोव्हेंबर २०१६मध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची जोडणी कोलमडली. हल्लेखोर जगभरातल्या राउटरवर त्याच दूरव्यवस्थापनाच्या वाटेने घुसू पाहत होते. जर्मन राउटर त्यांच्या ताब्यात गेले नाहीत, पण त्या धडकांनीच बंद पडले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून जर्मनीत असा कायदा लागू झाला होता की, ग्राहकाला स्वतःच्या पसंतीचा राउटर लावता यावा आणि त्यासाठी लागणारे लॉगिनचे तपशील कंपनीने द्यावेत. कंपनीची हद्द भिंतीतल्या सॉकेटपाशी संपते, त्यापुढे घर. मला ही रेघ फार आवडते.

याहून जुनी एक गोष्ट आहे. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स वापरलेलं आहे हे २००३मध्ये लोकांच्या लक्षात आलं. लिनक्सच्या परवान्याची अट अशी की, वस्तू विकलीत तर त्यातला सोर्स कोडही खुला करा. कंपनीला तो करावा लागला, आणि त्यातून पुढच्या वर्षी ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. राउटरचं हे सॉफ्टवेअर कोणीही वाचावं, बदलावं.

पण म्हणून उद्या सगळ्यांनी डबे काढून फेका, असं मी सांगणार नाही. आपल्यापैकी किती जण राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करतात? मी वर्षानुवर्षं केलं नव्हतं. ज्याच्याकडे कोणी बघत नाही असा राउटर कंपनीच्या राउटरपेक्षा जास्त धोक्याचा. ताबा मागायचा तर राखणही आपल्यालाच करावी लागते, आणि ते कंटाळवाणं काम आहे. निदान मूळ पासवर्ड बदला, बाहेरून प्रवेशाची सोय बंद करता येत असेल तर करा, पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय ठेवा. पानं बंद असतील तर कंपनीला लेखी विचारा की, माझ्या राउटरमधलं तुम्हाला काय दिसतं आणि ते किती दिवस ठेवता.

मागून एका ताईंनी विचारलंय, "सर, तुम्ही स्वतः काय केलंत?" सांगतो. स्वतःचा राउटर घेतला. कंपनीचा डबा आता फक्त फायबरची जोडणी सांभाळतो. त्याला ब्रिज मोड म्हणतात. तो लावून घ्यायला पाच-सहा फोन करावे लागले. कोणत्या साइटवर जातो ते कंपनीला अजूनही कळू शकतं, तार त्यांचीच आहे. घराच्या आतलं दिसत नाही. परवा पुन्हा नेट गेलं तेव्हा तो मुलगा म्हणाला, "काका, आता मला इथून काहीच कळत नाही, तुम्हीच उठून बघा." मग स्टूल घेतलं, चष्मा लावला आणि अर्धा तास खटपट केली. शेवटी टीव्हीमागची वायर सैल निघाली.