पिंजरा कुठे ठेवायचा? मे महिन्याने शिकवलेला धडा

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला: "दादा, मला डेगू पाळायचे आहेत. घर गोंदियात आहे. पिंजरा घरात नेमका कुठे ठेवू?" प्रश्न दोन ओळींचा, पण त्याचं उत्तर मला एक जीव गमावून कळलं. म्हणून अख्खा भाग त्यावरच केला. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

आधी डेगू म्हणजे काय ते सांगतो. चिली देशातला हा छोटा कुरतडणारा प्राणी. दात नारिंगी, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका. गिनी पिगचा हा लांबचा नातेवाईक, दोघंही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. आपल्याकडच्या दुकानांत डेगू मी तरी पाहिलेले नाहीत. गिनी पिग मात्र मिळतात आणि माझ्याकडे तेच आहेत. पिंजऱ्याच्या जागेचे नियम दोघांना बरेचसे सारखे आहेत. फरक आहे तिथे तसं सांगतो.

माझं घर आमगावला. पुण्याच्या कंपनीचं काम मी घरूनच करतो. चिंगी आणि मंगी या दोन गिनी पिग आणल्या तेव्हा आई म्हणाली, "वास येईल, बाहेर ठेव." म्हणून पिंजरा ओसरीत ठेवला. वर पत्रा, बाजूला कूलर. मला वाटलं, हवा खेळती आहे, झालं काम. मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली. मी आत लॅपटॉपच्या बॅटरीवर मीटिंगमध्ये होतो. पाऊण तासाने बाहेर आलो तर मंगी आडवी पडलेली, तोंडातून लाळ, श्वास भराभर चाललेला. संध्याकाळपर्यंत ती गेली. आईच्या बोलण्याचा दोष नाही. जागा मी ठरवली होती, आणि एकदाही मोजून पाहिली नव्हती.

आता यामागचं विज्ञान. आपल्याला घाम येतो. पंख्याचा वारा तो घाम वाळवतो आणि म्हणून गार वाटतं. गिनी पिगला असा घाम येत नाही, आणि कुत्र्यासारखं धापा टाकून अंग गार करणंही त्याला नीट जमत नाही. त्यामुळे बाहेर ४४ अंश असताना पंखा त्याच्यावर फक्त गरम हवा फेकतो. गिनी पिगला साधारण १८ ते २४ अंश मानवतात. तिशीच्या वर धोका सुरू होतो. डेगूलाही कडक ऊन झेपत नाही. त्याच्या मूळ मुलखात तो जमिनीखालच्या बिळात जाऊन बसतो. पिंजऱ्यात बीळ कुठून आणणार?

मंगी गेल्यावर मी एक साधा डिजिटल थर्मामीटर आणला. घरातल्या चार जागी, पिंजऱ्याच्याच उंचीवर, सकाळी ६, दुपारी ३ आणि रात्री ९ वाजता आकडे लिहिले. मित्र म्हणाला, "काय करून राहिला बे, उंदरासाठी डेटा?" हो, डेटाच. दुपारी ३ वाजता ओसरीत ४३. स्लॅबच्या वरच्या खोलीत ३७, पण रात्री ९ वाजता तिथेच ३९! स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो. आजोबांच्या काळातल्या मातीच्या जाड भिंतींच्या, कवेलूंच्या माजघरात कूलरशिवाय ३४. कूलर लावला की ३०. निर्णय तिथेच झाला.

तुमचं घर वेगळं असेल, म्हणून एकेक जागा पाहू.

ओसरी, बाल्कनी, गच्ची: मे महिन्यात नाहीच. मांजर, साप आणि उंदीर यांचा धोका वेगळाच.

स्वयंपाकघर: फोडणीच्या ठसक्याने आपल्याला खोकला येतो, यांची फुप्फुसं तर इवलीशी. शिवाय जेवणाच्या जागी पिंजरा नको.

देवघर: अगरबत्ती आणि धुपाचा धूर बंद खोलीत साचतो. तिथेही नको.

बेडरूम: गिनी पिग रात्रीसुद्धा मधूनमधून उठून खातात, पाण्याची बाटली खडखडवतात. डेगू मुख्यतः दिवसा जागे असतात, पण पहाटेच चाकावर पळायला लागतात. झोप प्यारी असेल तर बेडरूम टाळा.

हॉल: माणसांची सवय होते, म्हणून चांगला. पण टीव्ही आणि स्पीकरपासून लांब. आपल्याला ऐकू न येणारे बारीक आवाजही यांना ऐकू येतात. पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवू नका, दुपारनंतर ऊन सरळ पिंजऱ्यात येतं.

खोली ठरली की कोपरा निवडा. दोन बाजूंना भिंत असली की त्यांना आधार वाटतो. हे शिकार होणारे प्राणी. चारही बाजूंनी उघड्या जागेत ते कायम बिचकलेले राहतात. पिंजरा गुडघ्याएवढ्या उंचीच्या भक्कम टेबलावर ठेवा. जमिनीवर गारवा असतो, पण मुंग्या आणि उंदीरही असतात, आणि वरून येणारा हात त्यांना घारीसारखा वाटतो. वायरी किमान हातभर लांब ठेवा. डेगूसाठी पिंजरा धातूचाच घ्या, प्लास्टिक ते कुरतडून मोकळे होतात.

कूलरचं गणित नीट समजून घ्या. पाणी वाळताना उष्णता शोषतं, म्हणून कूलर मे महिन्याच्या कोरड्या हवेत चालतो. जूनमध्ये पाऊस लागला की हवेतच ओल असते, मग तो फक्त दमटपणा वाढवतो. त्यामुळे कूलरचा झोत पिंजऱ्यावर थेट नको, खोली गार होऊ द्या. पावसाळ्यात गवत आणि खालचं अंथरूण रोज हाताने तपासा. ओलं लागलं किंवा कुबट वास आला की बदला, बुरशी धरते. हिवाळ्यात विदर्भातल्या थंडीच्या बातमीत गोंदियाचं नाव असतंच. तेव्हा दारा-खिडकीच्या फटीतून येणारा वारा पिंजऱ्यावर येत नाही ना, ते बघा.

लाइट जाणारच, हे धरून चाला. मी एक कवेलू पाण्यात भिजवून पिंजऱ्यात ठेवतो, चिंगी त्यावर पसरून बसते. फ्रीजमध्ये बर्फाची बाटली तयार असते, ती फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात. पूर्ण पिंजऱ्याला नको, नको वाटलं तर त्यांना बाजूला सरकता आलं पाहिजे. प्राणी सुस्त पडला, लाळ गळली, श्वास भराभर झाला, तर लगेच गार जागी न्या, साध्या पाण्याने ओला केलेला कपडा कानांना आणि पायांना लावा आणि पशुवैद्याकडे निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

आता त्या श्रोत्याला माझं सरळ उत्तर. प्राणी आणायच्या आधी थर्मामीटर आण. या मे महिन्यात दुपारी ३ वाजता, लाइट गेलेली असताना, घरातली सगळ्यात गार जागा मोज. आकडा तिशीच्या बराच वर असेल आणि तो खाली आणायची सोय नसेल, तर डेगू आणू नकोस. त्यात कमीपणा नाही. हे प्राणी एकटे राहत नाहीत, किमान दोन आणावे लागतात, आणि डेगू पाच-सात वर्षं जगू शकतो. म्हणजे तितके मे महिने.

चिंगीला आता नवी सोबतीण आहे. पिंजरा माजघरात, आईच्या शिलाई मशीनशेजारी. वासाचं म्हणाल तर अंथरूण वेळेवर बदललं की वास येत नाही, हे आता आईच सगळ्यांना सांगते. पुढच्या भागात भेटू!